सरांची तोंडपाठ हजेरी

खडू नवा होता, टोक न झिजलेला, आणि बाबा तो बोटांत इतका हळू फिरवत होते की पद्मजाला वाटलं, याचं करतात काय, हेच ते आठवतायत... चहाच्या कपाशेजारी खडूंचा खोका उघडा होता. तिच्या वर्गातल्या इंद्रजीतने काल आणून दिलेला. जुन्या वर्गाच्या मेळाव्याला सगळं शाळेसारखंच हवं – बाक, फळा, घंटा आणि फळ्यापुढे अनंतराव सर. दहावी ‘ब’चे वर्गशिक्षक. तिचे बाबा.

महिनाभर तिने स्वतःला तयारीत बुडवून घेतलं होतं. हॉल, जेवण, सासरच्या आडनावांमागे हरवलेल्या मुली शोधून काढणं – घरात लग्नकार्य असावं अशी धावपळ. कामाचं एक बरं असतं, त्याच्या आड बसता येतं. पण एका गोष्टीवर तिचं गाडं अडलं होतं, आणि नेमकी तीच ग्रुपवर सगळ्यांनी एकमताने ठरवून टाकली होती. सर हजेरी घेणार. कॅटलॉग न उघडता, डोळे मिटून, तोंडपाठ, पूर्वी घ्यायचे तशी.

फोन वाजला. इंद्रजीतच.

“पद्मे, सरांचं पक्कं ना? समदे तेच विचारायलेत.”

“अरे, वय झालंय त्यांचं...”

“वय झालं म्हणून सरांचं डोकं कुठं जातंय व्हय? तू फक्त गाडीत बसवून आण. बाकी आमच्यावर सोड.”

“बघते,” ती म्हणाली. हे ‘बघते’ आता झिजून गुळगुळीत झालं होतं. काय सांगणार? की परवा सकाळी याच खुर्चीतून त्यांनी तिला अदबीने विचारलं, “आपण कोणाकडच्या?” – स्वतःच्या मुलीला अहो-जाहो. तिने कप खाली ठेवला, स्वयंपाकघरात गेली आणि उगाच नळ सोडून उभी राहिली. कुणालाच सांगितलं नाही. सरांची शोभा होईल, म्हणून. निदान ती स्वतःला तसं सांगायची.

आणि बन्सी. गेल्या दिवाळीत गेला बिचारा, हृदयविकाराने. त्याच्या फोटोला हार घालायचं ठरलं होतं. पण सरांना ते कुठे माहीत? त्यांच्या वर्गाचा रिवाजच होता – उत्तर आल्याशिवाय पुढचं नाव नाही. नुसतं ‘गैरहजर’ त्यांना चालत नसे. कुणीतरी उठून तो का आला नाही ते सांगायचं. भरल्या हॉलमध्ये ते बन्सीपाशी थांबले तर उठणार कोण...

“एक साथ नमस्ते झालं का?” बाबांनी विचारलं.

ती दचकली. ते ताठ बसले होते. डोळे मिटलेले, खडू मुठीत.

आणि नावं यायला लागली. अडखळत नाही, चाचपडत नाही – मुलांची आधी, आडनावासकट, ओळीने. पद्मजा प्रत्येकाच्या वतीने “हजर” म्हणत गेली. प्रत्येक उत्तराला ते डोळे किलकिले करून कुठेतरी बघत, जिथे तो मुलगा बसायचा तिथे, आणि पुन्हा मिटत. मग बन्सीचं नाव आलं. ते थांबले. रस्त्यावर भाजीवाला ओरडून गेला, तरी थांबलेलेच.

ती उठून उभी राहिली. “सर, बन्सी आता येणार नाही.”

“हं,” ते म्हणाले. “चांगला मुलगा.” आणि पुढे गेले.

इतकंच होतं ते... मग मी कशाला भीत होते? शोभा सरांची होणार नव्हती. सगळा वर्ग त्यांना आठवेल, ओळीने, आणि त्या वर्गासमोर ते मला विचारतील, आपण कोणाकडच्या. भीती ती होती. एवढीशी, माझी माझी.

मुली सुरू झाल्या. शाळेत मी त्यांना कधी बाबा म्हटलं नाही. फाटकाच्या आत ते सर. आणि माझं उत्तर आलं की, सगळ्या वर्गात फक्त माझ्या वेळी, ते डोळे मिटलेलेच ठेवायचे. लेकीला झुकतं माप दिलं, असं कुणी म्हणू नये म्हणून. तरी मी रोज बघायची, आज उघडतात का...

“पाथ्रीकर पद्मजा.”

“हजर, सर.”

त्यांनी डोळे उघडले. तिच्याकडे बघितलं – सावकाश, नीट, दुसऱ्या कुणाच्याही मुलीकडे बघावं तसं.

“बस,” ते म्हणाले.

फोन पुन्हा थरथरत होता. इंद्रजीतला काय सांगायचं ते तिला अजून कळलं नव्हतं. ती हात मांडीवर ठेवून बसली. तिला रडू येत होतं आणि, कसं सांगावं, शाबासकी मिळाल्यासारखंही वाटत होतं. बाबांनी पुढचं नाव घेतलं.