उजव्या पात्याची धार

इल्दाने स्केटचं पातं फिरत्या दगडाला टेकवलं आणि ठिणग्यांचा झोत तिच्या ॲप्रनवर उडाला. तीनदा तिने पातं टोकापासून टाचेपर्यंत नेलं. चौथ्या खेपेला मनगट किंचित आत वळवलं. मग चाक बंद करून स्केट लोखंडी शिकंज्यात उलटा आवळला, पात्यावर शंभर लिऱ्यांचं जुनं नाणं आडवं ठेवलं आणि दिव्यासमोर वाकून पाहिलं. नाणं डावीकडे कललं होतं. पात्याच्या दोन्ही कडांना धार असते, त्यातली एक दुसरीपेक्षा केसभर उंच झाली होती.

तेवढं पुरे होतं. वेगात वळताना पाय बर्फावर धरणार नाही आणि माणूस तोंडावर आपटेल. आपटू दे मेल्याला.

सव्वीस वर्षं इल्दा वाल्कुपा गावाच्या आइस हॉकी संघाच्या स्केटना धार लावत होती. नाणं कललेला एकही जोड आजवर तिच्या खोलीबाहेर गेला नव्हता. संघ हरला असेल हजारदा, पण माझ्या धारेपायी कधीच नाही, असं ती कुणालाही ऐकवायची, आणि ते खरंच होतं. हा पहिला जोड होता, आणि तो हानेसचा होता.

तीन हिवाळ्यांपूर्वी हानेस खिंडीपलीकडच्या संघातून खेळायचा. इथे, याच बर्फावर, त्याने इल्दाच्या मुलाला, लोरिसला, मागून धक्का देऊन कठड्यावर आदळलं आणि पोराच्या गुडघ्याचा चुरा झाला. पुढच्या वर्षी लोरिस कर्णधार व्हायचा होता. आता पंचविसाव्या वर्षी तो एक पाय ताठ ठेवून बर्फ सपाट करायची गाडी चालवायचा. आणि या शरद ऋतूत क्लबच्या शहाण्यांनी आणावं कुणाला, तर त्याच हानेसला.

प्रशिक्षक दारियो टोपी हातात घेऊन तिच्याकडे आला होता. या वर्षी खालच्या गटात घसरलो तर क्लबला टाळं लागेल, एवढ्याशा गावात बर्फाचं मैदान कोण चालवणार, आणि हा पोरगा गोल करतो, असं बरंच काही तो बोलला. इल्दाने हातातलं काम थांबवलं नाही.

"करू देत गोल," ती म्हणाली. "माझ्याशी बोलायचं नाही, एवढं सांगा त्याला."

गावानेही त्याला जवळ केलं नाही. बेकरीवाला त्याला कालचा पाव द्यायचा. दारूच्या गुत्त्यात तो शिरला की पत्ते खेळणारे म्हातारे पाठ फिरवून बसायचे. मैदानात तो उतरला की आपलेच लोक शिट्ट्या मारायचे, आणि त्या कौतुकाच्या नव्हत्या. सामन्याच्या दिवशी इल्दा प्रत्येकाचे स्केट स्वतःच्या हाताने त्याच्या हातात द्यायची. तो इथला रिवाजच होता. हानेसचे मात्र ती दाराबाहेर जमिनीवर टाकायची. तो वाकून उचलायचा आणि "आभारी आहे, काकू" म्हणायचा. त्या काकूने तिच्या अंगाची लाही लाही व्हायची.

पण तो पडला नाही. पहिल्या सामन्यात इल्दा खेळाडू मैदानात उतरतात त्या वाटेत उभी राहून त्याच्या प्रत्येक वळणाकडे डोळे लावून होती, आणि त्याने दोन गोल केले. पुढच्या सामन्याला तिने धार आणखी तिरकी केली, इतकी की नाणं पात्यावर टिकेना. तरी तो लोण्यातून सुरी फिरावी तसा फिरला. तिला वाटलं, हा खाली दरीतल्या गावात जाऊन दुसऱ्या कुणाकडून धार लावून आणतो. आधी पोराचा पाय घेतला, आता माझा हात निकामी ठरवतो. ती अशी काही पेटली की त्या आठवड्यात दारियोही तिच्या खोलीकडे फिरकला नाही.

शनिवारी ती रोजच्यापेक्षा दोन तास आधी आली. खोलीचं दार किलकिलं होतं. आत तिच्या बाकावर, ताठ पाय समोर पसरून, लोरिस बसला होता. शिकंज्यात हानेसचा उजवा स्केट होता. लोरिस हातातल्या धारेच्या दगडाने पात्याची उंच बाजू हळूहळू घासत होता.

इल्दाने आत येऊन मागे दार लोटलं.

"कधीपासून चाललंय हे?"

"पहिल्यापासून." त्याने वर पाहिलं नाही. "पहिल्याच सरावात दोनदा पडला तो. पातं बघितलं आणि सरळ माझ्याकडे आला. दारियोकडे गेला असता तर तुला त्याच दिवशी घरी बसवलं असतं."

सराव बघायला इल्दा कधी जात नसे. तिने स्टुलाला हात लावला, पण ती बसली नाही.

"माफी मागितली त्याने?"

"मागत होता. मी मागू दिली नाही."

"मग त्याचे स्केट कशाला नीट करतोस?"

लोरिसने दगड खाली ठेवला.

"त्याचा गुडघा मोडला, आई, तर मी तो घेऊन काय करू?"

बाहेर त्याच्या गाडीतून गरम पाणी ठिबकत होतं. इल्दाचा राग कणभरही उतरला नव्हता, उलट आता त्यात लाजही येऊन मिसळली होती, आणि ती जास्त झोंबत होती. तिने खिशातून नाणं काढलं, पात्यावर ठेवलं आणि वाकली.

"टाचेपाशी अजून उंच आहे," ती म्हणाली. "तुला हे कधी जमलंच नाही. ऊठ."

पाच वाजता खेळाडू रांगेने आले. तिने एकेकाच्या हातात स्केट दिले. हानेस सवयीप्रमाणे सगळ्यांच्या शेवटी आला आणि दाराबाहेर वाकला. जमिनीवर काहीच नव्हतं.

"आत ये," इल्दा म्हणाली.

तो उंबऱ्यात घुटमळला, मग आत आला. उजवा स्केट शिकंज्यात उलटा होता आणि पात्यावर नाणं होतं. हानेस गुडघ्यांवर हात ठेवून वाकला, पात्याच्या पातळीत डोळे आणून त्याने पाहिलं. नाणं कुठेच कललेलं नव्हतं. तो लगेच सरळ झाला नाही.

"दिसलं?"

"दिसलं, काकू."

"काकू म्हणू नकोस मला. आणि ते नाणं जागेवर ठेव. पुढच्या शनिवारी लागेल."

बाहेर लोकांनी त्याच्या नावाने शिट्ट्या मारायला सुरुवात केली होती. इल्दाने शिकंजा सैल केला, दोन्ही स्केट उचलले आणि त्याच्या हातात दिले.