भुऱ्याचे मागचे पाय

टाकीतल्या पाण्यात भुऱ्याचे मागचे पाय हलले, तसा काळुराम एवढ्या जोरात ओरडला की बाहेर बसलेली सगळी कुत्री भुंकायला लागली.

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका जुन्या गाळ्यात डॉक्टर कल्पिताने हे सेंटर काढलेलं. अपघात झालेल्या, लुळ्या पडलेल्या कुत्र्यांसाठी. काचेची टाकी, कोमट पाणी, तळाला सरकता पट्टा. टेम्पोने उडवल्यापासून काळुरामचा भुऱ्या कमरेखाली लुळा. मणक्याचं ऑपरेशन झालं, मग पाठीला सुया, आणि आता ही टाकी.

"काका, लगेच पळेल असं समजू नका," कल्पिता म्हणाली. "त्याचं वजन पाणी उचलतंय. घरी नुसती पाठ सरळ ठेवा."

काळुरामच्या डोक्यात बसलं ते फक्त पाणी. त्याच्या बापाचा जन्म मिठागरात गेलेला. गोड्या पाण्यात बुडणारा गडी खाऱ्यात तरंगतो, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. टाकीची पाळी आठवड्याने, आणि कळव्यात घरामागेच खाडी.

"डाक्टरीनला इचारला का?" आवडाबाईने, त्याच्या बायकोने, हटकलं.

"तिला काय इचारायचा? पानी वजन उचलतं, तीच बोलली. खारा तर जास्त उचलील."

"तू न् तुजा कुत्रा. जा, मर."

पण पोटाखाली बांधायला स्वतःची जुनी साडी तिनेच काढून दिली.

भरतीला तो भुऱ्याला उचलून बांधावर गेला. शेजारचा गोपीनाथ जाळं धूत बसलेला. "काय रं, हळद लावायला आनलास का नवऱ्याला?"

"हस तू. महिन्याभरात तुज्या मागं लावतो बग याला."

काळुराम कमरेएवढ्या पाण्यात उतरला. साडीच्या झोळीत भुऱ्या खरंच हलका झाला. पाय हलले. काळुरामला भरून आलं. पाणी कधी फिरलं ते त्याला कळलंच नाही. ओहोटीची ओढ लागली, झोळी पिळली, भुऱ्याचं मागचं अंग एकीकडे गेलं नि पुढचं दुसरीकडे. भुऱ्या एकदाच केकाटला. मग गप्प. काळुरामला वाटलं, दमला.

पुढच्या पाळीला सेंटरवर गेल्यावर कल्पिताने नेहमीसारखा मागचा पंजा चिमट्यात धरून दाबला. दर वेळी भुऱ्या वळून गुरगुरायचा. आज तो समोरच बघत राहिला.

तिने दुसरा पंजा दाबला.

"काका, काय झालं याला?"

काळुरामने सगळं सांगितलं. खाडी, साडी, ओहोटी. काही लपवलं नाही.

"अजून एकदा दाब ना," तो म्हणाला. "जोरात दाब."

"जोरातच दाबतेय, काका." तिने चिमटा खाली ठेवला. "टाकीत खाली पट्टा असतो, अंगाला पट्टे बांधलेले असतात, पाठ हलत नाही. दुखणं कळत होतं तोवर आशा होती. पाठीचा फोटो काढून बघू. पण मी खोटं नाही बोलणार."

काळुराम बराच वेळ भुऱ्याच्या कानामागे खाजवत राहिला. भुऱ्या डोळे मिटून मान त्याच्या हातावर टाकून होता. पुढचं अंग सगळं शाबूत होतं त्याचं.

"चाकांची गाडी लावतात ना कुत्र्यांना?" त्याने विचारलं.

"लावतात."

"माप घे मंग."

कल्पिताने टेप आणली. काळुरामने दोन्ही हात भुऱ्याच्या पाठीवर सपाट ठेवले आणि ती सांगेल तसा, जराही न हलवता, धरून राहिला.