दोराच्या अलीकडचं पाणी

"दादा, लई खोल हाय का रं?"

बत्तीस वर्षं झाली. आवाज मात्र सात वर्षांचाच राहिला. ज्योतीरामनं चाळिशी ओलांडली, चाकणच्या कंपनीत तो सेफ्टी ऑफिसर झाला, मोशीत दहाव्या मजल्यावर त्यानं घर घेतलं. पण पाणी दिसलं की हिंदुराव विचारायचाच. कंपनीतल्या कूलिंग टॉवरच्या टाकीपाशी विचारायचा. इंद्रायणीच्या पुलावर गाडी अडकली की विचारायचा. बादलीखाली नळ सोडला आणि घरात कुणी बोलत नसलं, तर तिथंही.

त्या दिवशी दहा वर्षांच्या ज्योतीरामनं काठावर बसूनच धाकट्या भावाला उत्तर दिलं होतं, "न्हाई रं. कमरंइतकंच हाय. मी काल जाऊन आलोय." तो गेला नव्हता. त्याला पोहता येत नव्हतं आणि ते कबूल करायची लाज वाटली होती, एवढंच. धरणाच्या कामासाठी मुरूम काढलेली खाण त्याच पाण्याखाली आहे, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

हे त्यानं कुणालाच सांगितलं नाही. आणि आईला सांगायची वेळच आली नाही, कारण दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच कारण शोधून काढलं. काठावर शेंदूर लावलेले सात दगड होते, साती आसरा. पाण्यातल्या सात बाया. दरसाल आषाढात त्यांना हिरव्या बांगड्या, खण आणि दहीभात द्यायचा. त्या साली भातलावणीच्या घाईत ते राहून गेलं आणि दिवाळीच्या सुट्टीत हिंदुराव बुडाला. "माज्या हातनं चुकलं," कस्तुराबाई म्हणाली. त्यानंतर तिनं दहीभात तोंडाला लावला नाही. ज्योतीराम बघत राहिला. आधी भीतीनं, मग सवयीनं.

यंदा कंपनीनं कामगारांच्या कुटुंबांसाठी दोन दिवसांचा कॅम्प काढायचा ठरवला. तलावाकाठी तंबू, आणि ज्यांना जमिनीवर झोपवत नाही अशांसाठी ओळखीतल्या बंटीची गाडी. बंटीचं तळवड्यात फॅब्रिकेशनचं वर्कशॉप. एका जुन्या ट्रॅव्हलरचं त्यानं चाकावरचं घर केलं होतं. आत चार बिछाने, शेगडी, हात धुवायला बेसिन. जागा पसंत करायचं काम ज्योतीरामकडे आलं आणि त्यानं दोन जागा नापास करून टाकल्या. एकीचे संडास लांब, दुसरीचा उतार गाडीला जास्त.

"भाऊ, तुम्ही तर स्वतःच्या लग्नाचा मांडवपण नापास केला असता," बंटी म्हणाला.

"केलाच होता," वर्षाली, ज्योतीरामची बायको, चहा देत म्हणाली. "बोहल्यावर उभा राहून विचारत होता, आग विझवायचं सिलिंडर कुठंय?"

यादीत आता एकच नाव उरलं होतं. राजगुरुनगरच्या वरच्या अंगाला, धरणाच्या पाण्यावर, ज्योतीरामच्या घरच्यांनी सोडलेल्या गावाच्या काठाला.

आतल्या खोलीत आईनं ते नाव ऐकलं आणि उठून कपाट उघडलं. हिरवा खण काढला. "मी यीन," एवढंच म्हणाली.

रविवारी ते निघाले. वर्षालीला शाळेचे पेपर तपासायचे होते, म्हणून आठ वर्षांची इरा बापाबरोबर आली. ती वरच्या बिछान्यावर पालथी पडून खिडकीतून नाक बाहेर काढायची, आणि आजी पुढं बंटीशेजारी, मांडीवर पिशवी घट्ट धरून. चाकणचा ट्रकांचा गराडा सुटला तशी आजी बारीक आवाजात गुणगुणू लागली.

"साती जणी गं बायांनो, तुमचं पाण्याखाली दार,
लेकराला सांगा माज्या, झाला जेवायाला उशीर फार."

"आज्जी, एकदम भारी आवाज आहे तुमचा," बंटी म्हणाला. तिनं ऐकलं नाही. मागं बसलेल्या ज्योतीरामनं कागदावरच्या रकान्यांत डोकं घातलं.

पोचले तेव्हा भर दुपार होती. वारा पडलेला. पाणी असं निजलेलं, की समोरचा डोंगर त्यात मुळासकट उतरला होता. कुठं पाखरू नाही, बेडूक नाही. ज्योतीरामनं गाडीचं दार उघडलं आणि पाय खाली ठेवायच्या आतच कानाशी आवाज आला, अगदी जवळून, उन्हात तापलेला. *दादा, लई खोल हाय का रं?*

जागेचा मालक ओंकार पंचविशीतला तरुण. त्याच्याकडे बोट ठेवायला जागाच नव्हती. संडास स्वच्छ आणि जवळ. गाडी उभी करायला सपाट फरशी, शेजारी विजेचा पॉइंट. तंबूंमध्ये पुरेसं अंतर. कुंपण, प्रथमोपचाराची पेटी, अंगात घालायची तरंगती जॅकेटं, तीही लहान मुलांच्या मापाची. ज्योतीरामचं पेन बरोबरच्या खुणा करत गेलं.

"काठाला पाणी किती?"

"कमरेइतकं, सर."

"मोजलंय कुणी?"

"दर महिन्याला मोजतो. पाणी चढतं-उतरतं ना." ओंकारनं खुणा केलेला बांबू आणला. "या, तुम्हीच बघा."

ज्योतीराम बूट काढून पाण्यात उतरला. आयुष्यात पहिल्यांदा त्या पाण्यात. एक पाऊल, दोन, दहा. बांबू दरवेळी तळाला टेकला, एकदाही कमरेच्या वर ओला झाला नाही. पंधराव्या पावलाला लाल गोळे ओवलेला जाड दोर आडवा आला. त्यापलीकडे पाण्याचा रंगच वेगळा होता.

"त्याच्या पुढं नको सर," ओंकार काठावरून ओरडला. "तिकडं जुनी खाण आहे. एक पोरगा गेला होता तिथं, माझ्या जन्माच्या आधी. म्हातारे सांगतात, त्याच्या आईनं बायांची ओटी चुकवली, म्हणून बायांनी पोरगा नेला. मी काही ते मानत नाही, पण दोर बांधलाय."

काठावर कस्तुराबाई उभी होती. पदर डोक्यावर, पिशवी छातीशी.

"खरं हाय बाबा," ती म्हणाली. "ती आय मीच."

बंटीनं ओंकारला दंडाला धरून गाडीकडे नेलं. ज्योतीराम पाण्यातच उभा. गावात ही गोष्ट बत्तीस वर्षं सांगितली जात होती, त्याच्या आईच्या नावानं, आणि ज्यांनी तिला पाहिलंही नाही अशा पोरांपर्यंत ती पोचली होती.

सात दगड तिथंच होते. आईनं ते धुतले, कुंकू लावलं, बांगड्या मांडल्या, दहीभाताची वाटी ठेवली. मग इराला जवळ ओढलं.

"इरा, ही खणाची घडी आता तू ठेव. माजा हात चुकलेला हाय. मी गेल्यावर दरसाल तूच येयाचं आन् म्हनायचं, आजीचं चुकलं, माफ करा."

"पण आजी, तू काय चुकलीस?"

"लेकरू गेलं ना माज्यापायी."

इरानं बापाकडे पाहिलं. मग कपाळावर आठ्या घालून, शाळेत प्रार्थनेला उभं राहतात तशी, दोन्ही हातांत खण धरून ती दगडांसमोर उभी राहिली. "आजीचं चुकलं," तिनं सुरुवात केली.

"थांब इरा." ज्योतीराम पाण्यातून बाहेर आला. पँट कमरेपर्यंत निथळत होती. त्यानं तिच्या हातातून खण घेतला आणि आईसमोर मातीत गुडघे टेकले. कितीतरी वर्षांत घरात न बोललेली भाषा तोंडात आली.

"आये, तुजं काय चुकलं न्हाई. बायांनी न्हाई नेला त्याला. खोल हाय का म्हनून त्यानं मला इचारलं व्हतं. मी पाण्यात पायसुदिक घातला न्हवता, तरी म्हनलो कमरंइतकंच हाय. माज्या शब्दावर गेला त्यो, आये."