मधली काळी रेघ

हुजैफाला दात येत होते आणि तो रडत होता, एवढीच काय ती त्या दुपारची गोष्ट. आठ महिन्यांचं लेकरू. कडेवर घेतलं की गप्प, खाली ठेवलं की घर डोक्यावर. झिनतने एका हाताने त्याला थोपटत साजगावच्या कारखान्यातल्या, पत्रा ठोकणाऱ्या प्रेसचा जुना बोर्ड कसाबसा आटोपला होता.

तो प्रेस चालवणारा संगणक तिच्याहून वयाने मोठा. मूल होण्याआधी ती साजगावातच दुरुस्तीच्या टेबलावर बसायची. आता असले जुनेपुराणे बोर्ड नेरळला घरी यायचे. या बोर्डावर शून्य ओहमचे रेझिस्टर होते. नावाला रेझिस्टर, कामाला नुसती तार. त्या काळी बोर्ड भरणाऱ्या यंत्राला रेझिस्टरच खोचता यायचे, म्हणून तारेला रेझिस्टरचा अंगरखा घातलेला. ओळख एकच, पोटावर मधोमध काळी रेघ. बॅटरी गळून त्यांचे पाय सडले होते. तिने एकेक काढला, मीटरवर तपासला, त्या जागी तांब्याची तार जोडली, काढलेला काडेपेटीत टाकला. असे अकरा झाले. बारावा काढला आणि हुजैफा किंचाळला. रेघ तर दिसतेय, असं म्हणून तिने तो न तपासताच पेटीत टाकला आणि तिथेही तार जोडली.

त्याला तीन आठवडे झाले. आज सुपरवायझर सुनील दुसरा बोर्ड घेऊन आला आणि चहाला टेकला.

"भाभी, तुमच्या हाताला यश हाय. प्रेस झकास चाललाय. त्या रोहिदासनंच घाण केली."

"कोण रोहिदास?"

"कशेळ्याकडच्या वाडीवरचा. प्रेसपुढची जाळी उघडी आसताना हात घातला. चार बोटं गेली. आजून दवाखान्यातच हाय."

"जाळी उघडी असली की प्रेस पडतच नाही, सुनीलभाऊ."

"पडला ना! त्याचीच चूक, तसं लिहून कागदावर त्याचा अंगठा बी घेतलाय. शेट देवमाणूस, त्याच्या बायकोला त्याच प्रेसवर लावली. नंदा तिचं नाव. आज सकाळपासनं बसलीय."

झिनतने चहा तसाच ठेवला. फळीवरची काडेपेटी ताटात उपडी केली आणि मीटर घेतला. शून्य. शून्य. अकरा वेळा शून्य. बाराव्याला आकडा उठला: एक हजार. नुसती तार नव्हे, खराखुरा रेझिस्टर.

तिने तो उन्हात धरला. तापून तापून त्याचं अंग करपलं होतं. एका बाजूची तपकिरी रेघ आणि दुसऱ्या बाजूची लाल, दोन्ही त्या करपटीत बुडाल्या होत्या. उरली होती फक्त मधली काळी. जाळी उघडल्याचा इशारा याच रेझिस्टरमधून जायचा. तिच्या तारेने तो दाबून टाकला होता. जाळी सताड उघडी असली तरी बोर्डाला ती बंदच वाटत होती.

"फोन लावा. प्रेस थांबवा."

"भाभी, समदं तुमच्यावर येईल. लेकरू लहान हाय तुमचं."

"नंदाचे हात आत असतील आत्ता! लावा म्हणते ना."

सुनीलने फोन लावला. पलीकडून प्रेसचे ठोके ऐकू आले. एक. दोन. तिसऱ्यानंतर थांबले.

"नंदाला द्या." हुजैफाला छातीशी घट्ट धरून झिनत बोलली, "नंदा, मी झिनत. तो बोर्ड मी केला. चूक माझ्या हातून झाली, रोहिदासकडून नाही."



"त्येची चूक न्हवती?"

"नव्हती गं."

"आन मी त्याला रोज शिव्या घालतेय," नंदा म्हणाली. "काल तर भरवलं बी नाय. म्हनलं, खा आता त्याच हातानं."

फोन बंद झाला. सुनीलचा हात हळूच ताटाकडे सरकला. झिनतने बारावा रेझिस्टर त्याच्याआधी उचलला, ओढणीच्या टोकाला गाठ मारून बांधला.

"गाडी काढा, सुनीलभाऊ. मला रोहिदास आहे त्या दवाखान्यात सोडा."