आधीचं पाणी

"हे पाणी तुमच्या विहिरीचं नाही," निकिता म्हणाली.

कोंडीरामने मोटारीच्या खोलीचं दार ओढून घेतलं आणि कडी घातली. "मग कुठलं हाय?"

"ते तुम्ही सांगा, मामा."

"तुमच्याच मान्सानं न्हेलं. तोटीखाली बाटल्या धरल्या, भरल्या, गेला. म्या काय त्येच्या हाताला धरलं व्हतं का?"

निकिता उमरग्याच्या एका प्रयोगशाळेत पाणी तपासायची. मूळची मुरुमची. सास्तूरच्या पुढच्या या गावात ती पहिल्यांदाच आली होती. स्कूटीच्या मागच्या सीटवर थर्माकोलचा डबा बांधलेला होता, त्यात बर्फ आणि रिकाम्या बाटल्या होत्या.

"तुमच्या तोटीवर पांढरा थर बसलाय, बघा. तो क्षारांचा आहे. इथल्या काळ्या दगडातून येणाऱ्या पाण्यात क्षार असतातच. आणि तुमच्या नमुन्यात ते नावालासुद्धा नाहीत. असं पाणी जमिनीतून येत नाही, मामा. असं पाणी जारमधून येतं."

कोंडीरामने उपरण्याने तोंड पुसलं, जणू हे सगळं दुसऱ्याच कुणाला सांगितलेलं होतं.

तो ग्रामपंचायतीचा पाणीवाला होता. सकाळी मोटार लावायची, गल्लीगल्लीचे व्हॉल फिरवायचे, आठवड्याला विहिरीत पावडर टाकायची. लग्न झालं तेव्हापासून हेच काम. गावात कुणी त्याची आठवण काढली, तर ती नळ आला नाही म्हणून. विहीर गावाची होती, पण "माझी हीर" असं तो म्हणायचा आणि कुणी हरकत घेत नव्हतं.

ओढ्यापलीकडे बब्रुवानच्या शेतात एका कंपनीने मनोरा उभा केला होता. दगडाच्या खाली, खूप खोल, गॅस आहे का हे बघायला तिथे भोक पाडायचं होतं. काम सुरू होण्याआधी आसपासच्या विहिरींचं पाणी तपासून ठेवायचं असा नियम होता. नमुना न्यायला माणूस येणार हे कळल्यावर कोंडीरामने मोटारीच्या खोलीवरची छोटी टाकी रिकामी केली, घासली आणि बंडप्पाच्या दुकानातले फिल्टरच्या पाण्याचे जार तिच्यात ओतले. विहिरीकडचा व्हॉल बंद केला. वीज नसते ती वेळ त्या माणसाला दिली, म्हणजे मोटार लावायचा प्रश्न नको. तो माणूस घाईत होता. त्याला आणखी बऱ्याच विहिरी करायच्या होत्या.

यात गुपित असं काही नव्हतं. "कोंड्यानं कंपनीला फिल्टर पाजलं," असं म्हणून गाव चार दिवस हसलं होतं.

"उद्या सकाळी ड्रिलिंग सुरू होतंय," निकिता म्हणाली. "त्याच्या आधी मला खरं पाणी द्या. मोटार लावा, जरा वाहू द्या, मी भरून घेते. पाच मिनिटांचं काम आहे."

"का पायजे तुमाला खरं पानी?"

"मला नको आहे, तुम्हाला हवंय. ते लोक तुमच्या पाण्याच्या थरातून आरपार खाली जाणार. पोलादी पाइप घालतील, पाइपच्या बाहेरून सिमेंट भरतील. नीट भरलं तर काही होत नाही. नाही भरलं तर खालचं वर येईल, नाहीतर खोदताना ते जो चिखल सोडतात, तो तुमच्या झऱ्यात शिरेल. तेव्हा तुम्ही ओरडाल पाणी बिघडलं म्हणून. ते विचारतील, आधी कसं होतं? तेव्हा दाखवायला आधीचं पाणी लागतं."

कोंडीरामने नीट ऐकलं. मग विचारलं, "तुमच्या लॅबला पैशे कोन देतंय?"

निकिता म्हणाली, "कंपनी. नियमच तसा आहे. खर्च त्यांनी करायचा."

"मग झालं की," कोंडीराम म्हणाला.

तिला लिंबाच्या सावलीत बसवून तो बंडप्पाकडे गेला. बंडप्पा दुकानदार, पंचायतीचा सदस्य आणि गावाच्या वतीने बोलणारा माणूस. कट्ट्यावर तीन-चार जण पेपर वाटून घेऊन बसले होते.

"अप्पा, लॅबवाली आलीया. म्हनती, ह्ये पानी तुमचं न्हाय."

"कळलं व्हय तिला?" बंडप्पा हसला. "हुशार हाय. मग तू काय म्हनलास?"

"म्या म्हनलं, तुमच्याच मान्सानं न्हेलं."

"ब्येस. पानी ग्वाड निघालं म्हनून पोटात दुखालंय त्यान्च्या. आता परत न्हेनार आन लिवनार, हितलं पानी पयल्यापासूनच खराब. मंग उद्या तेनी काय बी घान करू द्या, आपल्याच हिरीवर ढकलतील."

"आन म्हनतील, हितनं उठा," पेपरामागून एक जण म्हणाला.

यावर कुणी हसलं नाही. भूकंपानंतरही अशीच माणसं आली होती. टेप लावून भेगा मोजल्या, माती नेली, पाणी नेलं, कागदावर काहीबाही लिहिलं. मग एके दिवशी सांगितलं, गाव इथं राहणार नाही. गाव उठून माळावर आलं. घरं पक्की मिळाली, त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. पण मोजमाप करायला माणूस आला की गाव अजून सावध होतं. कोंडीराम तेव्हा ऐन विशीत होता. मोजणाऱ्यांना घागरभर पाणी काढून देणारा तोच होता.

"द्यायचं न्हाय," बंडप्पा म्हणाला. "आन ऐक, उद्याच्याला मुहूर्ताला ये. त्यान्ला म्या ग्रामसभेत ठणकावलं व्हतं, भुई फोडायची तर मुहूर्तावरच. मठातनं काढून आनलाय. कंपनीचा सायेब मुकाट तयार झाला."

कोंडीराम परत आला तेव्हा निकिता त्याच्या घराच्या ओसरीवर बसली होती. मथुराबाईने, त्याच्या बायकोने, तिला चहा दिला होता.

"पोरगी म्हनती, च्या जरा मचूळ लागतोय," मथुराबाई म्हणाली. "म्या म्हनलं, आमच्या पान्यात डाळ बी शिजत न्हाय बाई. सोडा घालावा लागतोय."

"तुला कोनी इचारलं व्हतं?"

"खरं ते बोलले. डाळ शिजत न्हाय ह्ये काय कंपनीपासून लपवायचंय?"

कोंडीराम निकिताकडे वळला. "मोटारीची चावी माझ्यापशी न्हाय. सरपंच परगावाला गेल्याती."

चावी त्याच्या करदोड्याला होती. सदऱ्याखालून तिचं टोक दिसत होतं. निकिताने ते पाहिलं, मथुराबाईने पाहिलं. चहाचा कप खाली ठेवून निकिता उठली.

"मी उद्या सकाळी तिकडेच असेन, ओढ्याच्या बाजूच्या विहिरींवर. यंत्र जमिनीत जायच्या आधी कधीही हाक मारा."

ती गेल्यावर मथुराबाई म्हणाली, "तिच्या तोंडावर खोटं बोलला तुमी."

"तिला पगार कोन देतंय, ठावं हाय का तुला?"

"न्हाय. पर तुमाला कोन देतंय ते ठावं हाय. गाव देतंय, पान्याचा." ती कप विसळायला आत गेली.

सकाळी मनोऱ्याभोवती मांडव घातला होता. हार, नारळ, पेढ्यांचे बॉक्स. शेतात यंत्राच्या चिखलासाठी एक मोठा खड्डा करून आत प्लास्टिक अंथरलेलं होतं. कोंडीराम त्याच्या कडेने फिरून आला. प्लास्टिकला कुठे भोक आहे का, हे तो बघत होता. ते सापडलं नाही, तरी त्याचं समाधान झालं नाही.

कंपनीचा सुरक्षा अधिकारी रणधीर गावकऱ्यांना माहिती देत होता. पांढरं हेल्मेट, इस्त्रीचा शर्ट. बोलणं सरळ होतं. पाण्याच्या थराच्या खालपर्यंत पाइप जाणार, सिमेंट घट्ट होईपर्यंत पुढे इंचभरही खोदायचं नाही, मग दाब देऊन तपासायचं, गॅस अचानक उसळला तर तोंड बंद करायला वर झडपा बसवायच्या.

"ते शिमिट नीट बसलं का न्हाय, ह्ये कोन बघनार?" कोंडीरामने विचारलं.

"आम्ही तपासतो. निरीक्षकही येतात."

"आन तुमाला बी दिसलं न्हाय, निरीक्षकाला बी दिसलं न्हाय, तर?"

रणधीर हसला. "मामा, तुम्ही फार संशयी. अहो, विहिरींचं पाणी आहे ना. आधीचं ठेवलंय, नंतर पुन्हा तपासतात. फरक पडला तर आम्हाला भरून द्यावं लागतं. तुमची विहीर कुठली?"

"गावची. माळावरची."

रणधीरने मोबाइलमध्ये पाहिलं. "अच्छा, ती. तिचा नमुना बाद झालाय. काल संध्याकाळी लॅबने कळवलं."

"बाद म्हंजी?"

"म्हणजे तिच्याबद्दल आमच्यावर काही येत नाही. उद्या तक्रार केलीत, तरी कशाशी ताडून बघणार? घ्या, पेढा घ्या."

हे त्याने मुद्दाम लागेल असं म्हटलं नव्हतं. एक काम कमी झालेला माणूस जसं बोलतो, तसं तो बोलला. कोंडीरामच्या हातात पेढा होता आणि तो रणधीरच्या चेहऱ्याकडे बघत होता. ज्या माणसावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता, तो माणूस त्याच्या विहिरीच्या बाबतीत निश्चिंत होता.

"सायेब, जरा थांबा. अर्धा घंटा. म्या पानी देतो."

"आता?" रणधीरने घड्याळ पाहिलं. "मुहूर्त तुमच्याच लोकांनी दिलाय. एक मिनिट इकडं-तिकडं झालं तर बंडप्पा मला सोडतील का?"

बंडप्पा यंत्राला हळदीकुंकू लावत होता. कोंडीराम त्याच्याजवळ गेला, वाकून कानात काही बोलला. बंडप्पाने मान वर केली.

"येड लागलं का तुला? भरल्या मांडवात मुहूर्त मोडू? काल तर ठरलं व्हतं, द्यायचं न्हाय."

कोंडीराम ओढ्याकडे निघाला. आधी चालत, मग धोतर वर धरून पळत. निकिता एका विहिरीच्या काठावर बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती. त्याने काही सांगायच्या आत तिने डबा उचलला.

स्कूटीवरून ते मोटारीच्या खोलीपाशी आले. त्याने करदोड्याची चावी काढली, तिच्यासमोरच. मोटार लागली नाही. सकाळी वीज कधी जाते हे या गावात त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. आणि ती वेळ हीच होती.

"पोहरा आहे का?" निकिताने विचारलं.

पोहरा होता, पण दोर नव्हता. मथुराबाईने बैलाचा कासरा आणला. कोंडीरामने विहिरीवरच्या जाळीचं कुलूप काढलं, पोहरा सोडला. पहिलं पाणी निकिताने टाकून दिलं. दुसऱ्या पाण्याने बाटली खंगाळली, पुन्हा खंगाळली. तो म्हणत होता, भरा की, भरा. ती म्हणत होती, नीटच भरावी लागते.

ती बाटली भरत असताना ओढ्यापलीकडून फटाक्यांची माळ ऐकू आली. मग यंत्राची घरघर. ती एकदम जड झाली, लाकडात करवत शिरल्यावर होते तशी.

निकिताने झाकण लावलं. बाटली पुसली. पेन काढून घड्याळाकडे पाहिलं आणि वेळ लिहिली.

"थोडी आदीची टाका," कोंडीराम म्हणाला.

तिने पेनाला टोपण लावलं.

"कोनाला कळतंय? तुमी, म्या आन ही. बाकी सगळे तिकडं मांडवात."

"मामा, पहिल्या वेळी जारमधलं पाणी दिलंत. आता वेळ खोटी टाकायची. मग ह्या बाटलीवर तरी कुणी का विश्वास ठेवावा?" तिने बाटली बर्फात ठेवली. "हे पाणी चांगलंच आहे. माझ्या दृष्टीनं हे आधीचंच आहे, इतक्यात काही होत नसतं. पण ते म्हणतील, काम सुरू झाल्यानंतरचं आहे. आणि ते खोटं बोलत नसतील."

मथुराबाई कासरा गुंडाळत होती. "अप्पाला मुहूर्तच पायजे व्हता," ती म्हणाली. कुणाला म्हणाली ते कळलं नाही.

पावसाळा येऊन गेला. कंपनीला गॅस मिळाला नाही. त्यांनी भोकात सिमेंट भरलं, वर लोखंडी पत्रा वेल्ड केला आणि मनोरा उतरवून नेला. बब्रुवानने त्या पत्र्याला वळसा घालून हरभरा पेरला.

दिवाळीनंतर बंडप्पाने तक्रार केली की पाणी खारट झालं आहे. दुकानातले जार पूर्वीपेक्षा जास्त खपत होते. तालुक्याहून एक अधिकारी आले. त्यांनी पाणी पाहिलं, क्षार जास्त आहेत म्हणाले, या भागात असतातच असंही म्हणाले. निकिताची बाटली काम सुरू झाल्यानंतरची म्हणून कागदावर धरलीच गेली नव्हती. मग विचारलं, "पूर्वी एवढेच होते की कमी होते?"

पारावर जमलेली माणसं कोंडीरामकडे बघू लागली.

"सांग की कोंड्या," बंडप्पा म्हणाला. "तुझ्या जिभेवर तर हाय ती चव."

अधिकारी पेन उघडून थांबले होते. कमी होते म्हटलं असतं तर गावाला बरं वाटलं असतं. कोंडीरामला ते म्हणायचंही होतं.

"सांगता येत न्हाय, सायेब," तो म्हणाला.

त्यानंतर बंडप्पा त्याच्याशी कामापुरतंच बोलतो.

कोंडीराम रोज सकाळी मोटार लावतो. व्हॉल फिरवायच्या आधी तांब्या भरतो, एक घोट तोंडात घेतो आणि डोळे मिटून उभा राहतो. कधी वाटतं नेहमीचंच आहे. कधी वाटतं काल एवढं नव्हतं. दिवसभरात मथुराबाईला विचारून बघतो, ती म्हणते, मला काय बी फरक वाटत न्हाय. पण ती आपल्याला बरं वाटावं म्हणून तसं म्हणते, असा त्याला संशय आहे.

गल्लीत बायका घागरी मांडून उभ्या असतात. एखादी ओरडते, "कोंडीमामा, सोडा की पानी!"

तो घोट गिळतो, आणि व्हॉल उघडतो.