सहा जणांची खुरपणी

धाकटी जन्मली तेव्हा दादाला मिसरूड फुटलं होतं. मधे पाच जण. इतक्या मोठ्या खटल्यात शेंडेफळ म्हणून जन्माला येण्याचे फायदे पुष्कळ असतात. कडेवर घ्यायला बारा हात असतात, मार चुकवायला सहा पाठी असतात. तोटा एकच. आपण मोठं झालो आहोत हे कुणाला पटवून देता येत नाही, आणि बेचाळीस वर्षांचं झालं तरी येत नाही.

शेत पाच एकरांचं. एकेक करून सगळे बाहेर पडले आणि धाकटी राहिली. दादा हेडमास्तर होऊन निवृत्त झाला, तरी घरातल्यांना अजून हजेरीच्या आवाजात हाक मारतो. आक्का इस्पितळात मुख्य नर्स. तिसऱ्या नंबरचा भाऊ ट्रक चालवतो म्हणून सगळे त्याला ड्रायव्हरच म्हणतात, त्याची बायकोसुद्धा. त्याच्या पाठीवर जुळे, दोघांचं मिळून एक गॅरेज आणि दोघांची मिळून एक जीभ, कारण एकाने सुरू केलेलं वाक्य दुसराच संपवतो. मग मुनी. ही बहीण ग्रंथालयात काम करते, आणि तिथे तिला न बोलण्याचाच पगार मिळतो, असं जुळ्यांचं म्हणणं.

लहानपणी खुरपणीला वडील वयाप्रमाणे ओळी वाटून द्यायचे. विहिरीकडची पहिली ओळ दादाची, बांधाकडची शेवटची धाकटीची. नियम असा, की ज्याची ओळ संपेल त्याने उठून खालच्या भावंडाच्या ओळीत शिरायचं. दादा आक्काच्या ओळीत, आक्का ड्रायव्हरच्या, आणि असं होत होत शेवटी सगळी फौज धाकटीच्या ओळीत. ती दहा हात पुढे जाते न जाते तोच समोरून सहा खुरपी खणखणत यायची आणि ओळ संपायची. सगळे तिच्या डोक्यावर टपली मारून म्हणायचे, "झालं गं तुझं!" ही माया होती, यात शंकाच नाही. पण दहाव्या वर्षानंतर या मायेने तिला रडू यायला लागलं. एकदाही तिने स्वतःची ओळ स्वतः पुरी केली नव्हती.

तर असे हे सहा मदतनीस शनिवारी संध्याकाळी दोन दिवसांच्या मुक्कामाला आले. येताना दादाने एक कागद आणला होता. शेजारच्या डेअरीला चाऱ्यासाठी दहा वर्षं जमीन हवी होती. कागदावर सात सह्या झाल्या की शेत डेअरीकडे आणि धाकटी आक्काकडे, शहरात. आक्काने खोली रंगवूनसुद्धा घेतली होती.

"एकटीने किती दिवस मरायचं गं इथे?" आक्का म्हणाली. "आता जरा आराम कर."

"रविवारी जेवण झाल्यावर बसू," दादा म्हणाला.

"संध्याकाळी बसू या," धाकटी म्हणाली. "माझं चारपर्यंत काम आहे."

"कसलं काम?"

"आहे एक."

ते एक काम म्हणजे तिचा सगळा जीव होता. शहरातल्या एका मोठ्या हॉटेलचा शेफ रविवारी चार वाजता तिचं शेत बघायला येणार होता. त्याला माल पसंत पडला तर वर्षभराची मागणी मिळणार होती, आणि ती मागणी दाखवून ती दादाला सांगणार होती की कागद परत न्या. नाही पसंत पडला, तर रंगवलेली खोली होतीच.

हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं, आणि त्याला कारण होतं. तिने पिकवली होती चिवळ. जमिनीलगत पसरणारी, बारीक जाड पानांची, आंबटसर चिवळ. या घरात तिला कुणी पीक म्हटलं असतं तर वडिलांनी त्याला विहिरीत टाकलं असतं. सातही भावंडांचं बालपण ही चिवळ उपटण्यात गेलं होतं. तिच्यामुळे गुडघे सोलले, खेळ बुडाले, सुट्ट्या गेल्या. आणि शहरातली माणसं हीच पानं कच्ची खायला हॉटेलात जातात, हे धाकटीलाही दोन महिन्यांपूर्वी शेफच्या तोंडून ऐकलं तेव्हा खरं वाटलं नव्हतं. तिने वांग्याच्या ओळींमधल्या जागेत चिवळ लावली, पाणी दिलं, जपली. जुळ्यांना हे आधी कळलं असतं तर ते हसून हसून गडाबडा लोळले असते. म्हणून तिने ठरवलं होतं, आधी मागणी, मग बातमी.

रविवारी सकाळी ती क्रेट आणायला बाजाराच्या गावी गेली. इकडे सहाही जण चहाचे कप घेऊन शेतात फेरी मारायला निघाले आणि वांग्यांपाशी येऊन थबकले. वांग्यांच्या मधे चिवळीचा नुसता गालिचा.

"अरे देवा," आक्का म्हणाली. "रान पार हाताबाहेर गेलंय."

"एकटीला झेपत नाही बिचारीला..." एक जुळा म्हणाला.

"...आणि सांगतही नाही," दुसरा म्हणाला.

मुनीच्या डोळ्यांत पाणी आलं. दादाने कप खाली ठेवला, धोतर खोचावं तशी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि हजेरीच्या आवाजात म्हणाला, "खुरपी कुठे ठेवते ती?"

एवढ्या प्रेमाने, एवढ्या सफाईने त्या शेताची खुरपणी कधी झाली नसेल. वीस-पंचवीस वर्षांनी बसले होते सगळे, पण हात काही विसरले नव्हते. एक काडी म्हणून शिल्लक ठेवली नाही. वडिलांची शिस्त होती, उपटलेली चिवळ शेतात ठेवायची नाही. त्याप्रमाणे आक्काने सगळी झाडाखाली सावलीत ओल्या पोत्यांवर रचून ठेवली, आणि ड्रायव्हरने त्यातल्या दोन पाट्या गाईंना घातल्या.

अकरा वाजता धाकटी क्रेट घेऊन आली. बांधावर सहा जण रांगेत उभे. चिखलाने माखलेले, घामाने निथळणारे, आणि चेहऱ्यांवर असं काही तेज की विचारू नका. जुळ्यांनी तर हात पसरून शेत दाखवलं.

"बघ!" एक म्हणाला.

"झालं गं तुझं!" दुसरा म्हणाला.

धाकटीने बघितलं. वांग्याची झाडं एकेकटी उभी होती आणि मधे स्वच्छ, काळी, मोकळी माती. हातातले क्रेट सुटून खाली पडले.

"आनंद झालाय तिला," आक्का हळूच म्हणाली.

मग धाकटी ओरडली. जन्मात कधी ओरडली नव्हती, त्यामुळे बेचाळीस वर्षांची सगळी बाकी त्यात निघाली. "कुणी सांगितलं होतं तुम्हाला? कुणी? पीक होतं ते माझं! चिवळ लावली होती मी, लावली होती! दोन महिने पोराबाळासारखी जपली! चार वाजता माणूस येणार आहे ती बघायला!"

"चिवळ?" दादा म्हणाला. "अगं, पण चिवळ कुणी..."

"दादा, तू गप्प बस!"

दादाला अरेतुरे करणारं त्या घरात कुणी नव्हतं. वडील गेल्यापासून तर नाहीच. दादा गप्प बसला. त्याला स्वतःलाच त्याचं नवल वाटलं.

धाकटी मटकन बांधावर बसली आणि तिने एका दमात सगळं सांगून टाकलं. शेफ, मागणी, कागद, खोली. आक्काने खोलीला दिलेला रंग तिला आवडला नव्हता, तेही सांगितलं. कुणी हसलं नाही. ड्रायव्हर गाईंकडे बघत होता आणि गाई निवांत रवंथ करत होत्या. मुनी पुढे आली, पोत्यांवरच्या ढिगातून तिने एक काडी उचलली, एक पान मोडून बघितलं.

"अजून ताजी आहे," मुनी म्हणाली. त्या दिवसातलं तिचं हे पहिलंच वाक्य होतं.

धाकटीने डोळे पुसले. पान खरंच कडक होतं. जाड पानांत पाणी असतं, त्यात आक्काची ओली पोती आणि सावली. आणि चिवळीला मरण असं सहजी येतच नाही. उपटून ओल्या मातीवर टाकली तरी ती पुन्हा मूळ धरते. म्हणून तर वडील तिला शेतात राहू देत नसत. धाकटी उठली.

"आक्का, तुला स्वच्छतेची सवय आहे. शेंडे खुडून धुवायचे, बोटभर लांब, किडकं पान एकही नको. मुनी तिच्याबरोबर. जुळे जुड्या बांधतील, सगळ्या एकसारख्या. ड्रायव्हर पाणी आणेल, आणि पुन्हा गाईंकडे फिरकलास तर बघ. दादा, तुम्ही माझ्याबरोबर. शेंडे काढलेली झाडं परत लावायची."

"पण मला वाटतं, आधी शेतातच..." दादाने सुरुवात केली.

"दादा."

"बरं, बरं."

जेवणाची आठवण कुणालाही झाली नाही. आक्का जखम धुवावी इतक्या हळुवारपणे पानं धूत होती. जुळे गॅरेजमधल्या वायरी बांधायच्या सवयीने अशा घट्ट जुड्या बांधत होते की धाकटीने दोनदा सोडायला लावल्या. "गळा आवळू नका तिचा," ती म्हणाली, आणि मग ती स्वतःच हसली, आणि ती हसली म्हटल्यावर सगळ्यांच्या जिवात जीव आला. त्यानंतर जे काय हसणं सुरू झालं ते थांबेचना. एका जुळ्याने एक पान तोंडात टाकलं, तोंड वाकडं केलं, मग आणखी एक टाकलं.

"च्यायला, चांगलं लागतं की!"

"...आणि आपण पोतीच्या पोती फेकून दिली!" दुसरा म्हणाला.

दादा चिखलात गुडघे टेकून काड्या लावत होता. पहिल्या दहा त्याने उलट्या-सुलट्या लावल्या. धाकटीने त्या उपटल्या आणि कसं आडवं ठेवून माती दाबायची ते दाखवलं. त्याने पस्तीस वर्षं पोरांना शिकवलं होतं. आज तो तिच्या बोटांकडे बघत होता आणि मधेच विचारत होता, "हे बरोबर आहे का?" तिसऱ्यांदा विचारल्यावर धाकटीने मान हलवली आणि त्याच्या पुढ्यात आणखी काड्या ठेवल्या.

बरोबर चारला शेफ आला. उंच, किरकोळ, कपडे इस्त्रीचे. त्याने एक जुडी उचलली, उलटीपालटी केली, पान चावलं, डोळे मिटले. सात जणांनी श्वास रोखले. त्याने आणखी एक जुडी घेतली, मग शेताकडे बघितलं. तिथे अर्ध्या शेतात चिवळीचं एकही पान दिसत नव्हतं.

"माल उत्तम आहे," तो म्हणाला. "आठवड्यातून दोनदा, दर खेपेला चार क्रेट. पुढच्या आठवड्यापासून. मालक कोण?"

सवयीने सगळ्यांनी दादाकडे पाहिलं. दादाने चिखलाचे हात पाठीमागे लपवले.

"मालकीण ही," तो म्हणाला. "आम्ही आजच्या दिवसाचे मजूर. तेही फारसे कामाचे नाही."

शेफ धाकटीकडे वळला. "मग, जमेल?"

जमेल म्हणायला सहा तोंडं उघडली होती, ती तिने एका नजरेत बंद केली. जमणार नव्हतं, आणि तिला ते ठाऊक होतं. हो म्हणून वेळ मारून नेली असती तर कागदही परत गेला असता, आणि पुढच्या आठवड्यात तोंड लपवायची पाळी आली असती.

"पुढच्या आठवड्यात नाही जमणार," ती म्हणाली. "आज सगळी उपटली गेलीय. परत लावतोय. धरायला आणि वाढायला तीन आठवडे लागतील. त्यानंतर एकही खेप चुकणार नाही."

आक्काने मुनीचा हात इतका दाबला की मुनी कळवळली. शेफने हातातली जुडी क्रेटमध्ये ठेवली.

"सगळे हो म्हणतात आणि मग फोन उचलत नाहीत," तो शेवटी म्हणाला. "नाही म्हणणारं आज पहिल्यांदा भेटलं. तीन आठवड्यांनी गाडी पाठवतो. आजचे क्रेट मात्र मी घेऊन जाणार."

गाडी नजरेआड होईपर्यंत कुणी हललं नाही, आणि मग जुळ्यांनी धाकटीला उचललं. ती ओरडत होती, खाली ठेवा, वांगी तुडवाल, आणि ते तिला बांधावरून नाचवत होते. ड्रायव्हर शिट्ट्या मारत होता. आक्का रडत होती आणि मधेमधे विचारत होती, "रंगाला काय झालं गं? आवडला असता तुला."

ऊन उतरलं. धाकटीने हात धुतले आणि दादासमोर येऊन उभी राहिली.

"दादा, तुमचा कागद."

"डेअरीवाल्याला मी उद्या कळवतो, जमीन मोकळी नाही म्हणून," दादा म्हणाला. मग शेताकडे बघत म्हणाला, "उरलेल्या ओळींचं काय?"

"उद्या लावायच्या. त्याहून उशीर झाला तर काड्या जायच्या."

"आम्ही सकाळच्या गाडीने निघणार होतो."

धाकटीने खुरपी गोळा करायला घेतली. थांबा म्हणायची तिला सवय नव्हती. दादाने भावंडांकडे पाहिलं. कुणीही गाडीचं नाव काढलं नाही.

"किती वाजता सुरू करायचं?" दादाने तिला विचारलं.

"साडेपाचला."

"साडेपाच?" एक जुळा किंचाळला. "अगं, निदान..."

"...सात तरी..."

"गप्प बसा रे," दादा म्हणाला. "ती साडेपाच म्हणालीय ना? मग साडेपाच."