दोन बोटांची वाटणी

"काठी सरळ धर, दादा. तुला वाटते तशी नाही, बुडबुडा मधोमध येईल तशी."

दादाने काठी सरळ केली. यंत्राला डोळा लावून उभी असलेली त्याची धाकटी बहीण खासगी परवान्यावर जमिनी मोजायची. आजचा वाद दादाच्याच स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीचा होता. पलीकडचा बेकरीवाला म्हणे, भिंत त्याच्या जागेत आलीय. तरी तोच म्हणाला होता, "मोजू दे तुमच्या बहिणीलाच. तुमच्या हद्दीच्या आत निघाली तर माझी तक्रार संपली. बाहेर निघाली तर पाडायची." दादाने छातीठोकपणे होकार दिला होता.

तिने कुंपणाकडे पाहिलंसुद्धा नाही. पाण्याच्या टाकीजवळच्या जुन्या हद्दीच्या दगडापासून सुरुवात केली आणि कोपरे घेत पुन्हा त्याच दगडावर आली. सुरुवातीचं आणि शेवटचं माप जुळवताना दोन बोटं फरक राहिला. एवढा राहतोच. तो सगळ्या बाजूंना लांबीप्रमाणे वाटून द्यायचा, असा धंद्याचा नियम.

दादा तिच्या खांद्यावरून पाहत होता. "आणि सगळा आमच्याच बाजूला टाकला तर?"

"तर भिंत वाचते."

"मग टाक की! त्या पाववाल्याला काय कळतंय?"

"त्याला नाही कळणार. मला कळेल."

"सायकल शिकवताना तुझ्यामागे धावधाव धावलो, ते फुकट गेलं म्हणायचं."

"मध्येच हात सोडलास. ढोपर फुटलं माझं," ती हसली.

दादा हसला नाही.

तिने फरक वाटला, खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली. भिंत अंगठाभर बाहेर होती.

पलीकडून आलेला बेकरीवाला दोरीवर वाकून बघत राहिला. त्याचा आवाज खाली आला. "बाई, एवढ्याशासाठी नको... राहू दे भिंत."

"शब्द दिलाय मी," दादा म्हणाला. "उद्या गवंडी बोलावतो."

ती आत गेली. वहिनी मागच्या भिंतीवरच्या फळीवरून डबे उतरवत होती. तिने हात पुढे केले. "दे इकडे, वहिनी."

"राहू दे. उन्हातून आलीस, दमली असशील."

वहिनीने डबा तिच्या हातांना वळसा घालून जमिनीवर ठेवला आणि पुढच्या डब्यासाठी टाचा उंचावल्या.